खंड दिसू नये

‘नमुन्यादाखल कुठलाही एक ग्राहक क्रमांक सांगा,’ असं कंपनीच्या बाई म्हणाल्या आणि समितीतले सगळे जण एकमेकांची तोंडं बघायला लागले. शहराच्या पाणीबिलांसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. निविदा निघून बरेच महिने लोटले होते, चाळून चाळून तीन कंपन्या उरल्या होत्या आणि आज त्या आपापला माल मांडून दाखवणार होत्या. अध्यक्षांना स्वतःच्या घराचा क्रमांक ठाऊक नव्हता. बिल बायको भरते, असं म्हणून ते हसले. लेखाधिकारी चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये जुनं बिल शोधू लागले. संगणक विभागाच्या बाईंनी तर मी भाड्यानं राहते म्हणून हात झटकून टाकले. तेव्हा तो बोलला. बिल विभागाचा प्रमुख तो, अख्खी हयात याच खात्यात गेलेली, त्याला क्रमांक माहीत नसला तर कुणाला असणार? पाढा म्हणावा तसा लांबलचक आकडा त्यानं एका दमात म्हणून टाकला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा आपल्या घराचा नाही, ताईच्या घराचा आहे. आपल्या घराचा त्याला पाठ नव्हताच.

पडद्यावर नाव आणि पत्ता यांच्या जागी फुल्या होत्या. कुणाची ओळख फुटू नये म्हणून ही काळजी त्यानंच घ्यायला लावली होती. फुल्यांच्या खाली एकेका बिलाचा एकेक खांब उभा राहिला. डावीकडचे निळे, भरीव. मग एका ठिकाणापासून पुढचे सगळे पोकळ, नुसत्या कडा आखलेले. ‘वा सर, छान उदाहरण दिलंत,’ बाई खूश झाल्या. ‘मला नेमकं हेच दाखवायचं होतं. भरीव खांब म्हणजे माणसानं जाऊन मीटर वाचलाय. पोकळ म्हणजे वाचलेला नाही. दार बंद होतं, म्हणून तुमच्या सिस्टिमनं आधीच्या बिलांची सरासरी काढून आकडा घातला. पुढच्या वेळी त्या सरासरीची सरासरी. तुमच्या आत्ताच्या स्क्रीनवर हा फरक दिसतच नाही, सगळं सारखंच दिसतं. इथे बघा ना, वर्ष उलटून गेलं, या घरात काय चाललंय ते शहराला माहीतच नाही.’ त्यांनी लाल ठिपका पोकळ खांबांवरून सरकन फिरवला आणि त्या पुढच्या चित्राकडे वळल्या. एसीची हवा मानेवर येत होती, तिथेच त्याला घाम फुटला. मागचं चित्र पुन्हा दाखवा, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि टेबलावरचं पाणी पिऊन बंद केलं.

अकरा. ताईच्या बिलावरचा आकडा अकरा होता, अकरा युनिट पाणी. आधी कधी नऊ, कधी तेरा, पाहुणे आले तर पंधरा असायचा, आणि मग केव्हापासून तरी अकरा, बारा, अकरा, अकरा, अकरा. दर नवीन बिल निघालं की सकाळी आल्या आल्या, चहाच्या आधी, तो ताईचा लांबलचक क्रमांक यंत्रात घालायचा आणि अकरा दिसले की त्याच्या छातीवरचा धोंडा बाजूला व्हायचा. ताई आहे. ताई आंघोळ करते आहे, भांडी घासते आहे, कुंड्यांना पाणी घालते आहे. भांडण झाल्यापासून त्या घराशी त्याचा तेवढाच काय तो संबंध उरला होता. बायको घरी विचारायची, ‘ताईंचं काय?’ आणि तो म्हणायचा, ‘ठीक आहे.’ ‘भेटलात?’ ‘नाही. पण ठीक आहे. पाणी चालू आहे.’ ‘पाणी चालू आहे म्हणे! अहो, माणूस आहे का नळ?’ तिनं असं म्हटलं की त्याला राग यायचा, कारण तिला या आकड्यांतलं काही कळत नव्हतं. त्याला कळत होतं. आकड्यावरून घर ओळखणारा माणूस म्हणून खात्यात त्याचं नाव होतं. सुना माहेरी गेलेली घरं, पाहुण्यांनी भरलेली घरं, म्हातारं माणूस आजारी पडलेली घरं तो बसल्या जागी सांगायचा. आणि तेच ते अकरा बघून त्याला काय वाटलं होतं? त्याला वाटलं होतं, वा रे ताई, वय झालं तरी शिस्त सुटलेली नाही, पाणीसुद्धा कसं मोजून मापून. एका वेळी त्यानं कौतुकानं मान हलवल्याचंही त्याला आठवत होतं. जिवंत माणूस दर वेळी अकराच कसं वापरील, एवढं नवख्या कारकुनाला कळलं असतं. त्याला कळलं नाही, कारण त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

बाई आता तक्रारींचं पान दाखवत होत्या. लेखाधिकाऱ्यांना जुनं बिल सापडलं होतं आणि ते फोन उंच धरून बसले होते, पण कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतं. वर्षाच्या वर. म्हणजे मागच्या थंडीत नाही, त्याच्याही आधी. तेव्हापासून कुणीही तो मीटर वाचलेला नाही. त्या जुन्या इमारतींत मीटर घराच्या आत, मोरीत असतो. तो वाचायचा म्हणजे आतल्या माणसानं दार उघडायला हवं. दार कुणी उघडलेलं नाही. बिल दर वेळी निघालं आणि बँकेतून आपोआप भरलं गेलं, कारण ती सोय त्यानंच ताईला कधीकाळी करून दिली होती, रांगेत उभं राहायला नको म्हणून. माणूस असो नसो, शहर पाण्याचं बिल पाठवत होतं आणि बँक भरत होती, दोघांचं अगदी छान चाललं होतं. त्यानं पुढचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि पुढचाच विचार त्याच्या मनात आला. मोरीत पाय घसरून पडलेली ताई. की पलंगावर? की खिडकीपाशी खुर्चीत? कुठल्या थंडीत?

आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईच्या आठवणीत त्याला ताईच दिसते. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, काचा घासून चौकटीत बसवायची, आणि घरी आली की तिच्या बोटांना काचेची बारीक भुकटी लागलेली असायची. आधी हात धुवायची, मग त्याला हात लावायची. आंघोळ घालताना तिचा हात जड होता. साबण डोळ्यांत गेला की तो किंचाळायचा आणि ती म्हणायची, ‘डोळे मीट म्हटलं ना, मग मीट. उघडे ठेवून कुणाला बघायचंय इथे?’ तिनं लग्न केलं नाही. त्याच्यासाठी केलं नाही, असं नातेवाईक म्हणायचे आणि ती त्यांच्यावर उसळायची, ‘माझ्या मनासारखा कुणी मिळाला नाही म्हणून केलं नाही. त्या पोराच्या डोक्यावर कशाला खापर फोडता?’ पण ते खापर फुटायचं ते फुटलंच होतं. नोकरी, लग्न, मुलगी, मुलीचं परदेशी जाणं, यातलं काहीही झालं की त्याला आधी वाटायचं, हे ताईच्या वाटचं आपण खातो आहोत. त्यामुळे तो तिच्याशी कधी सरळ बोलूच शकला नाही. एक तर पडतं घ्यायचा, नाही तर एकदम तडकायचा.

मग ती विसरायला लागली. आधी नावं, मग वार. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला की तुमच्या ताईंच्या घरातून धूर येतोय. भांडं जळून कोळसा झालं होतं, पडद्याची कड काळी पडली होती आणि ताई बाल्कनीत शांतपणे कुंडीतली माती उकरत होती. आमच्याकडे राहायला चल, तो म्हणाला. ती नाही म्हणाली. बायकोनंही सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. तेव्हा त्यानं अधिकाऱ्याचं डोकं चालवलं. गॅसच्या कंपनीत ओळख होती, एक फोन केला आणि ताईची जोडणी बंद करवून घेतली. तिला न विचारता, न सांगता. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या दयेनं जेवणाचा डबा घेऊन गेला, तेव्हा ती दारातच उभी होती. ‘माझ्या घरातली शेगडी बंद करायला तुला कुणी सांगितलं?’ ‘ताई, तुझ्याच जिवासाठी केलं.’ ‘माझा जीव माझ्यापाशी राहू दे. तुम्ही लोक बसल्या बसल्या कुणाचं पाणी तोडता, कुणाचा गॅस तोडता. मला काय खात्यातलं गिऱ्हाईक समजलास?’ तोही तडकला. नको नको ते बोलला. तुला काही झालं तर लोक मलाच नावं ठेवतील, असं बोलला. त्यावर ती एकदम थंड झाली आणि म्हणाली, ‘मग काळजी करू नकोस. मी मेले तरी तुझ्याकडे निरोप यायचा नाही. जा आता.’ डबा त्यानं जिन्यात ठेवला की परत आणला, हे त्याला आता आठवेना.

सुरुवातीला तो फोन करायचा. ती उचलायची, त्याचा आवाज ऐकायची आणि ठेवून द्यायची. नंतर उचलणंच बंद झालं. खालच्या बाई मुलाकडे राहायला निघून गेल्या. ‘एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं,’ बायको म्हणायची, ‘दोघं भावंडं सारखी. कुणीतरी एकानं जिना चढावा की.’ तो म्हणायचा, जाईन. या सुट्टीत जाईन. मग नवीन बिल निघायचं, अकरा दिसायचे, आणि जायचं लांबणीवर पडायचं. तिलाच गरज नाही तर आपण कशाला नाक घासत जायचं? तिचं छान चाललंय. अकरा.

दुसऱ्या कंपनीचे लोक आले, त्यांनी आपली यंत्रं जोडली. बाहेर जायला हवं होतं. उठावं, बरं नाही म्हणावं आणि निघावं, कुणी अडवलं नसतं. तो उठला नाही. आपण इथे बसलो आहोत तोवर तिथे काहीही झालेलं नाही, असं काहीतरी त्याला वाटत होतं. जिना चढलो की मगच ते होईल. समोरच्या कागदावर तो गुण देत गेला, वापरायला सोपं, तक्रारींची सोय, अहवाल, आणि ते गुणही त्यानं नीट दिले, हे नंतर त्याला फार किळसवाणं वाटलं. शेवटी अध्यक्षांनी अटींचं पुस्तक उघडलं. ‘ही तुमची अट मला आवडली बरं का. रीडिंग मिळालं नाही तर सरासरी आपोआप धरावी, ग्राहकाच्या बिलांत खंड दिसू नये. तिन्ही कंपन्यांना जमतंय ना?’ जमतंय, संगणक विभागाच्या बाई म्हणाल्या. ‘जुन्या सिस्टिममध्येही ही अट सरांचीच होती,’ लेखाधिकारी म्हणाले, ‘त्याआधी काय गोंधळ असायचा! दार बंद असलं की बिल शून्य, आणि मग एकदम डोंगराएवढं. लोक भांडायला यायचे.’ सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. त्या वेळी त्याची पाठ थोपटली गेली होती, हे खरं होतं. खंड दिसू नये. किती विचार करून त्यानं ते तीन शब्द लिहिले होते.

सभा संपल्यावर त्यानं व्हरांड्यात उभं राहून मीटर वाचणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावला. माणसं ठेक्यावरची, दर थोड्या महिन्यांनी बदलायची. मुकादम मात्र जुना होता. मुकादमाला त्यानं भाग सांगितला, इमारत सांगितली, कुणाचं घर ते सांगितलं नाही. ‘हां साहेब, दार बंद आहे तिथं.’ ‘दार बंद म्हणजे बाहेरून कुलूप की आतून बंद?’ ‘दार बंद म्हणजे दार बंद, साहेब.’ ‘अरे पण काय ते नीट सांग ना! कुलूप होतं का?’ ‘आता कसं सांगू? कुलूप असलं तरी दार बंद, कुत्रं सोडलेलं असलं तरी दार बंद, माणूस उघडत नसलं तरी दार बंद. पोरांच्या हातातल्या यंत्रात एकच बटण आहे. मागं मी म्हटलं होतं, दोन-तीन वेगळी द्या, तर तुम्हीच म्हणालात, काय करायचीत, सरासरी तर एकच निघते.’ तो असं म्हणाला होता. अगदी त्याच आवाजात म्हणाला असणार. ‘कुणाला पाठवू का बघायला?’ मुकादमानं विचारलं. ‘नको,’ तो म्हणाला, ‘मी जातो.’

बसमध्ये उन्हाची बाजू मिळाली. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या मुलाच्या नाकाला रुमाल लावून ‘शिंकर, जोरात’ म्हणत होती आणि मूल हट्टानं श्वास धरून बसलं होतं. त्याला त्या बाईचा हेवा वाटला. घरी फोन करून बायकोला सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण काय सांगणार? पाणी बंद आहे? आयुष्यभर त्यानं दारांना घाबरणाऱ्या लोकांची चेष्टा केली होती. वसुलीला जाणारी पोरं दारातून परत आली की तो म्हणायचा, दार काय चावतं का रे? आता इमारतीच्या कोपऱ्यावर उतरल्यावर तो आधी दारापुढून तसाच पुढे चालत गेला आणि मग वळून आला. जिन्याचा कठडा तोच, मधल्या वळणावर फुटलेली फरशीही तीच, फक्त भिंतीला कुणीतरी नवा हिरवा रंग फासला होता. प्रत्येक मजल्यावर तो थांबून वास घेत होता. आपण हे काय करतोय ते त्याला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. तळण, ओली फडकी, फिनेल. तिसऱ्या मजल्यावर ताईच्या दाराच्या कडीला एक पिशवी लोंबकळत होती. त्यानं बोटानं उघडून पाहिली. आत पाव होता, दूध होतं आणि दुधाची पिशवी अजून गार होती.

कुलूप नव्हतं. त्यानं दाराला कान लावला. आधी स्वतःचंच रक्त ऐकू आलं, आणि मग त्याच्या पलीकडे, घराच्या आत, भांड्यात पाणी पडल्याचा आवाज. नळ सुरू झाला, बंद झाला. पातेलं सरकवल्यासारखं झालं. तिथेच दाराला कपाळ टेकून तो रडला. लहान मुलासारखा, तोंड वाकडं करून. आहे, ताई आहे. सगळं फिटलं, शेगडी, डबा, ते नको नको ते बोलणं. आता आत जायचं, तिच्या पायाशी बसायचं, हवं ते बोलू दे. त्यानं तोंड पुसलं आणि दार वाजवलं.

‘कोण?’

आवाज बारीक झाला होता, पण तिचाच. ‘मी,’ तो म्हणाला. साखळी लावून दार चार बोटं उघडलं. फटीत अर्धा चेहरा दिसला, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर इस्त्रीचं नव्हे पण स्वच्छ पातळ. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. सभेतून तसाच निघाल्यामुळे खात्याचं ओळखपत्र अजून त्याच्या गळ्यात होतं, तिकडे ती बघत होती.

‘पाण्याच्या ऑफिसातून आलात?’

आलात. उभ्या जन्मात तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याला वाटलं टोमणा मारते आहे, अजून राग आहे, आणि त्या रागानंसुद्धा त्याला बरं वाटलं. ‘ताई, आता पुरे ना. मी आलोय.’

‘ताई ताई करू नका. याआधी आलेले पण तेच करत होते. मीटर दाखवायचा नाही म्हणजे नाही. मी सगळ्यांना सांगते, दार उघडणार नाही.’

‘का?’

‘माझा भाऊ आहे तुमच्या ऑफिसात. मोठा साहेब आहे,’ ती जरा पुढे सरकून, खालच्या आवाजात म्हणाली. ‘रागावलाय माझ्यावर. माझंच तोंड वाईट. आता आपणहून कसं बोलवायचं? पण मी त्याला ओळखून आहे. लहानपणी पाटीवर एक गणित कोरं राहिलं तर जेवायला उठायचा नाही. माझ्या घरचा आकडा कोरा दिसला की बघा, कुणाला पाठवायचा नाही, स्वतः येईल धावत.’

त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. ‘आणि अजून आला नाही?’

‘कामं असतात. एवढं शहर आहे. लक्षात यायला वेळ लागतो.’

‘ताई, मीच तो. बघ ना नीट. मीच आहे.’

तिनं बघितलं. चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून, गिऱ्हाइकाला चौकट बसते की नाही पाहावी तसं शांतपणे बघितलं. आणि हसली, अगदी मायेनं. ‘चला, काहीतरीच. तो एवढा म्हातारा नाही.’

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. तिनं फटीतून हात काढून कडीची पिशवी आत ओढून घेतली आणि दार लावता लावता थांबली. ‘तुमची ओळख आहे का हो त्याच्याशी?’

‘आहे.’

‘मग एक सांगाल? मी वाट बघते असं सांगू नका हं. नुसतं म्हणावं, मीटर बघून जा.’

‘सांगतो,’ तो म्हणाला.